कोको पावडर की डार्क चॉकलेट: गुण नेमका कोणाचा?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका वाक्याला परवानगी दिली. कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉलमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे पाकिटावर छापायला हरकत नाही. पण यासाठीचा शास्त्रीय पुरावा अतिशय मर्यादित आहे, हेही त्याच वाक्यात छापायचे. ही सवलत सरसकट नव्हती. ज्या कोको पावडरीत किमान ४ टक्के नैसर्गिक फ्लॅव्हॅनॉल शिल्लक आहेत, तिलाच ती लागू होती. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या कोको पावडरीला नाही आणि चॉकलेटला तर नाहीच, मग ते कितीही टक्के डार्क असो.

इकडे घरोघरी समजूत अशी की डार्क चॉकलेट 'हार्टला चांगले'. मधुमेह असलेली माणसेही जेवणानंतर दोन तुकडे निर्धास्त तोंडात टाकतात. कोको पावडर मात्र केकपुरती डब्यात पडून असते. या दोघांत आरोग्याला अधिक चांगले काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. गेल्या पंचवीसेक वर्षांतले संशोधन चाळले, तर उत्तर पावडरीच्या बाजूने झुकते. पण ते ज्या कारणाने झुकते ते कारण जाहिरातीत सापडत नाही.

एकाच बीच्या दोन वाटा

कोकोच्या फळातल्या बिया आधी आंबवतात, मग उन्हात वाळवतात, भाजतात, टरफल काढून दळतात. बीमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असल्याने दळताना पीठ न होता दाट लगदा होतो. इथपर्यंत पावडर आणि चॉकलेट एकच असतात. पुढची फारकत झाली ती १८२८ मध्ये. हॉलंडमधल्या व्हान हाउटेन यांनी हा लगदा दाबून त्यातली बरीचशी चरबी, म्हणजे कोको बटर, काढून घेण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. मागे जी पेंड उरली ती दळली की कोको पावडर तयार. काढलेल्या बटरचे काय करायचे, याला उत्तर मिळाले १८४७ मध्ये. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोकोचा लगदा आणि साखर यांत जादा कोको बटर मिसळून खाण्याची वडी काढली. तोवर चॉकलेट ही पिण्याची गोष्ट होती.

म्हणजे पावडरीत चरबी काढून टाकलेली असते आणि डार्क चॉकलेटमध्ये बहुतेकदा वरून घातलेली असते, शिवाय साखर. पाकिटावरच्या '७० टक्के कोको' या आकड्यात बीचा लगदा आणि वरून घातलेले बटर, दोन्ही मोजले जाते. दोन कंपन्यांच्या ७० टक्क्यांच्या वड्यांत कोकोचा काळा, कडू भाग वेगवेगळा असू शकतो आणि आरोग्याची जी काही चर्चा आहे ती या काळ्या भागाची आहे.

सारख्या मापाने मोजले तर

तुलना करताना लोक शंभर ग्रॅम पावडर आणि शंभर ग्रॅम चॉकलेट शेजारी ठेवतात. शंभर ग्रॅम पावडर कोणी खात नाही. खरी तुलना दोन मोठे चमचे पावडर, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम, आणि ७० ते ८५ टक्क्यांच्या डार्क चॉकलेटचा ३० ग्रॅमचा तुकडा यांची. दोन्हींत चरबी वगळता उरणारा कोको जवळपास सारखाच, ९ ते १० ग्रॅम, भरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यावरून हिशेब केला की हे पटते: कॅफीन दोन्हींत पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास आणि थिओब्रोमीन सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम. कोको तेवढाच, म्हणून त्याची ही दोन्ही उत्तेजके तेवढीच.

बाकीचे आकडे मात्र फारकत घेतात. पावडरीतून सुमारे २५ कॅलरी मिळतात, चॉकलेटमधून १८०. पावडरीत चरबी दीड ग्रॅम. चॉकलेटमध्ये जवळपास १३ ग्रॅम आणि त्यातली ७ ग्रॅम संपृक्त. साखर पावडरीत नावापुरती, चॉकलेटमध्ये ७ ग्रॅम. तंतू पावडरीत ४ ग्रॅम, चॉकलेटमध्ये ३. मॅग्नेशियम दोन्हींकडे पन्नास ते सत्तर मिलिग्रॅमच्या दरम्यान.

चॉकलेटच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कोको बटरमधला सुमारे एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्ल असतो आणि ते संपृक्त असूनही कोलेस्टेरॉल फारसे वाढवत नाही. म्हणून कोको बटर तुपालोण्याइतके बदनाम नाही. तरी कॅलरी त्या कॅलरीच. शिवाय केकच्या सामानाच्या दुकानात 'डार्क कंपाउंड' म्हणून जी लादी मिळते तिच्यात कोको बटर नसतेच, स्वस्त वनस्पती चरबी असते. तिला डार्क चॉकलेट समजून खाणाऱ्याच्या वाट्याला हा स्टिअरिक आम्लाचा दिलासाही येत नाही.

पावडरीचा फायदाही सहज घालवता येतो. कपभर कोकोत दोन चमचे साखर घातली की साखरेच्या बाबतीत ती चॉकलेटच्या बरोबरीला येते. 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणून विकतात त्या पावडरीत तर बहुधा साखरच पहिल्या क्रमांकाला असते आणि कोको तिच्यामागे.

पनामाची बेटे आणि नायट्रिक ऑक्साइड

कोकोला औषधी वलय मिळाले ते पनामाच्या सान ब्लास बेटांवरून. तिथल्या कुना आदिवासींमध्ये वयानुसार रक्तदाब वाढत नाही, हे फार पूर्वी नोंदवले गेले होते. हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी नव्वदच्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. बेटावरचे लोक पनामा सिटीत राहायला गेले की त्यांचा रक्तदाब वाढू लागे, त्यामुळे कारण केवळ अनुवांशिक नव्हते. मीठही ते कमी खात नव्हते. बेटावर मात्र दिवसातून अनेक कप कोको प्यायला जाई आणि शहरात तो सुटे. अर्थात शहरात गेल्यावर फक्त कोकोच सुटतो असे नाही. मासे, फळे, अंगमेहनत, निवांतपणा असे बरेच काही सुटते. म्हणून या निरीक्षणाला पुरावा म्हणता येत नाही. संशोधकांना दिशा मात्र मिळाली.

कारणाचा शोध फ्लॅव्हॅनॉल या संयुगांपाशी, विशेषतः एपिकॅटेचिनपाशी, येऊन थांबला. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. ज्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकाचे नोबेल दिले गेले तो हाच. एपिकॅटेचिनमुळे या नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते. फ्लॅव्हॅनॉलयुक्त कोको प्यायल्यावर दंडाची रक्तवाहिनी किती प्रसरण पावते, हे अल्ट्रासाउंडने मोजता येते आणि काही तासांत फरक दिसतो. कोकोच्या सगळ्या दाव्यांत हा भाग सर्वांत भक्कम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केले तेही एवढेच: रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल घेतल्यास रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते. ते कशातून मिळवायचे, तर फ्लॅव्हॅनॉल मुद्दाम राखलेल्या अडीच ग्रॅम पावडरीतून किंवा तशाच १० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून. या मान्यतेसाठीचा अर्ज आणि अमेरिकेतल्या परवानगीसाठीचा अर्ज, दोन्ही बॅरी कॅलेबॉट या एकाच चॉकलेट उत्पादक कंपनीचे होते.

रक्तदाबावरच्या चाचण्याही झाल्या. २००७ मध्ये जर्मनीत ४४ जणांना १८ आठवडे रोज फक्त ६.३ ग्रॅम, म्हणजे वडीचा एखादा चौकोन, डार्क चॉकलेट देऊन पाहिले. वरचा रक्तदाब सुमारे ३ अंकांनी उतरला. अशा ३५ चाचण्या आणि १,८०४ माणसे एकत्र धरून कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ताळेबंद मांडला, तेव्हा सरासरी घट २ अंकांहूनही कमी निघाली. ज्यांचा रक्तदाब आधीच चढा होता त्यांच्यात ती ४ अंकांच्या आसपास होती, ज्यांचा नॉर्मल होता त्यांच्यात जवळजवळ शून्य. शिवाय या चाचण्यांत सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल रोज दिले गेले होते आणि त्या काही आठवड्यांपुरत्याच चालल्या. रोजच्या दोन चौकोनांतून एवढा डोस मिळेलच, याची कोणी हमी देत नाही.

एकवीस हजार माणसांची कसोटी

रक्तदाबाचे दोन अंक कमी झाल्याने हृदयविकाराचे झटके खरेच टळतात का? याचे उत्तर निरीक्षणातून मिळत नाही. हॉलंडमधल्या झुटफेन गावच्या ४७० वृद्धांच्या पाहणीत कोको जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू निम्म्याने कमी दिसले होते. पण कोको खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी मोठी चाचणी हवी. अमेरिकेत ती 'कॉसमॉस' या नावाने झाली.

साठीच्या पुढचे पुरुष आणि पासष्टीच्या पुढच्या स्त्रिया मिळून २१,४४२ जणांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल असलेल्या कोको अर्काच्या कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. सुमारे साडेतीन वर्षांनी, २०२२ मध्ये, निकाल आला. झटका, पक्षाघात वगैरे सर्व घटना मिळून १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही आली असेल इतकी पुसट होती. हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत २७ टक्के घट होती. बातम्यांचे मथळे याच आकड्यावर झाले, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. मुख्य प्रश्नाचे उत्तर 'सिद्ध झाले नाही' असेच राहिले.

स्मरणशक्तीबद्दलही तसेच. याच चाचणीच्या एका भागात कोकोचा आकलनशक्तीवर परिणाम आढळला नाही. त्याच चाचणीत तपासलेल्या साध्या मल्टिव्हिटॅमिनचा मात्र थोडा आढळला. दुसऱ्या भागात, ज्यांचा मूळ आहारच निकृष्ट होता, त्यांच्या स्मरणात किंचित सुधारणा दिसली. मधुमेहाच्या बाबतीत विसंगती अधिक बोलकी आहे. २०२४ च्या डिसेंबरात हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी परिचारिका आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घ पाहणीतून सांगितले की आठवड्यातून पाच वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप दोन मधुमेह २१ टक्के कमी आढळतो. पण कॉसमॉसमध्ये चिठ्ठ्या टाकून कोको अर्क दिला गेला तेव्हा मधुमेह काही कमी झाला नाही. याचा सरळ अर्थ असा असू शकतो की डार्क चॉकलेट आवडीने खाणारी माणसे एरवीही जपून खातात.

कॉसमॉसच्या कोको भागाला मार्स या चॉकलेट कंपनीचाही पैसा होता. या क्षेत्रातले बरेचसे संशोधन अशाच पैशावर उभे आहे. म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते नाही, ते त्यावर ठरते. आणखी एक: मोठी चाचणी ना पावडरीची होती ना वडीची, ती कॅप्सूलची होती. तिचा निकाल चॉकलेटच्या नावावर लिहायचा, तर त्यासोबत येणारी साखर आणि चरबीही हिशेबात धरावी लागेल.

मथळे कसे तयार होतात, याचा नमुना २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम घडवून दाखवला. मूठभर माणसांवर खरीखुरी पण हेतुपुरस्सर ढिसाळ चाचणी केली, वजनापासून झोपेपर्यंत डझनभर गोष्टी मोजल्या आणि त्यातली जी योगायोगाने जुळली ती छापून आणली: चॉकलेटने वजन लवकर उतरते. बातमी अनेक देशांत पसरली.

काळ्या रंगाचा भुलावा

आता पावडरीच्या दुखण्याकडे. व्हान हाउटेन यांच्याच घराण्याने दुसरी युक्ती आणली: कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करणे. त्याने कोकोचा आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि पावडर दुधापाण्यात चटकन मिसळते. किंमत मोजतात ती फ्लॅव्हॅनॉल.

किती, हे हर्षी कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मोजले. प्रक्रिया न केलेल्या पावडरीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल होते. हलक्या प्रक्रियेनंतर १३.८, मध्यम प्रक्रियेनंतर ७.८ आणि जोरदार प्रक्रियेनंतर ३.९ उरले. म्हणजे युरोपने सांगितलेले २०० मिलिग्रॅम गाठायला साध्या पावडरीचे सहाएक ग्रॅम पुरतात, तर काळ्याभोर पावडरीचे पन्नास ग्रॅम लागतात. डार्क चॉकलेटलाही हा नियम लागू आहे, कारण काही उत्पादक वडीतही अल्कलीकृत कोको वापरतात. 'जितके काळे तितके गुणकारी' हा समज इथे उलटा पडतो.

घरी हे डोळ्यांनी पाहता येते. प्रक्रिया न केलेली पावडर विटकरी झाक असलेल्या फिक्या तपकिरी रंगाची असते, वासाला किंचित आंबूस, जिभेला तुरट. थोडी पावडर कोमट पाण्यात कालवून चिमूटभर खाण्याचा सोडा टाका आणि थोडे थांबा. तो फिकट लगदा बघता बघता गडद होत जातो, आंबूस वास विरतो. कारखान्यात होते ते याच जातीचे रसायन, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि नेमक्या तापमानाला. केकमध्ये ही पावडर सोड्यासोबत वापरली की केक काळपट का होतो आणि तिचे फ्लॅव्हॅनॉल का घटतात, तेही यावरून कळते.

पाकीट वाचताना म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. घटकांत 'अल्कलाइज्ड', 'डच प्रोसेस्ड' किंवा आम्लता नियंत्रक ५००, ५०१ असे दिसले तर फ्लॅव्हॅनॉलची आशा कमी ठेवावी. हे क्रमांक सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचे आहेत. पावडरीच्या घटकांत कोकोशिवाय काही नसावे. वडीच्या घटकांत कोको पहिला आणि साखर त्यानंतर असावी.

कशासोबत घेता, तेही पाहा

दुधामुळे कोकोचा गुण जातो, असे २००३ मध्ये एका छोट्या अभ्यासाने सांगितले होते. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत तितका फरक दिसला नाही, त्यामुळे दुधातला कोको टाकून द्यायचे कारण नाही. केळ्याचे मात्र वेगळे निघाले. केळे कापले की ज्या विकरामुळे ते काळे पडते, तेच फ्लॅव्हॅनॉल मोडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीसोबत घेतलेले फ्लॅव्हॅनॉल रक्तात ८४ टक्क्यांनी कमी उतरले. कोको आणि केळ्याचा शेक चवीला छान लागतो, पण तो औषध म्हणून पिऊ नये.

लोहाचीही अशीच गंमत आहे. पावडरीत शंभर ग्रॅमला जवळपास १४ मिलिग्रॅम लोह दिसते, पण कोकोतलीच संयुगे ते बांधून ठेवतात, चहात होते तसे. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत कोको टाळलेला बरा. मूतखडा होणाऱ्यांनी ऑक्झलेटमुळे आणि आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी हात आखडता ठेवावा.

आणि जड धातू. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०२२ च्या अखेरीस २८ डार्क चॉकलेट तपासली. सगळ्यांत शिसे आणि कॅडमियम सापडले. २३ अशी निघाली की रोज औंसभर खाल्ले तर कॅलिफोर्नियाने ठरवलेली यातल्या किमान एका धातूची पातळी ओलांडली जाते. ही पातळी बरीच कडक आहे, घबराटीचे कारण नाही. कॅडमियम झाड जमिनीतून ओढून घेते. शिसे मात्र बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटते. दोन्ही धातू कोकोच्या काळ्या भागात असतात, त्यामुळे पावडरीचीही त्यातून सुटका नाही. युरोपने २०१९ पासून कॅडमियमची मर्यादा घातली ती पावडरीला किलोमागे ०.६० आणि निम्म्याहून अधिक कोको असलेल्या चॉकलेटला ०.८० मिलिग्रॅम. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या बाबतीत रोजचा रतीब लावू नये, एवढे पथ्य दोन्हींसाठी पुरेसे आहे.

मग घ्यायचे काय?

आरोग्याच्या हेतूने घ्यायचे असेल तर प्रक्रिया न केलेली, बिनसाखरेची कोको पावडर, रोज चमचा-दोन चमचे. तिचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम खरा पण माफक आहे. रक्तदाबाची गोळी तिच्या भरवशावर एक दिवसही चुकवू नये. ती चॉकलेटपेक्षा सरस ठरते ती तिच्यात काही जादा असल्याने नव्हे, तर तोच कोको साखर आणि चरबीचे ओझे न घेता येतो म्हणून.

डार्क चॉकलेट हा चांगला गोड पदार्थ आहे आणि त्याला त्याच रांगेत ठेवावे. बर्फी किंवा मिल्क चॉकलेटच्या जागी दहा-पंधरा ग्रॅम खाल्ले तर फायदाच. आधीच्या जेवणात भर म्हणून खाल्ले तर त्या कॅलरी कुठल्याही फ्लॅव्हॅनॉलने फिटत नाहीत.

ग्राहकाची खरी अडचण वेगळीच आहे. कंपन्या वडीवर कोकोचे टक्के ठळक छापतात, पावडरीवर 'प्रीमियम' आणि 'इंटेन्स' छापतात. फ्लॅव्हॅनॉल किती मिलिग्रॅम, हे बहुधा कोणीच छापत नाही. सगळा दावा ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा मागायला ग्राहकांनी आणि छापायला लावायला नियामकांनी सुरुवात केली, तर पावडर की चॉकलेट या वादातला निम्मा भाग आपोआप मिटेल.